अडीच वर्षांचे अंतर कोण भरून काढणार?

नोकरी करणाऱ्या आईविषयी आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात; तिच्या दिवसाचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. दरवर्षी ८ मार्चला तिचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, 'तारेवरची कसरत' हा शब्दप्रयोग एखादा वक्ता हमखास करतो आणि सभा संपते. ती तार कोणी बांधली, ती एवढी उंच का बांधली आणि खाली जाळी का नाही, हे विचारण्याची पद्धत अशा सभांतून नाही. वस्तुतः विचारावयास हवे ते हेच.

हिशेब अगदी साधा आहे. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम ठेवण्यात आली आहे. म्हणजे मूल साधारण सहा महिन्यांचे झाले, की आईने कामावर रुजू व्हावयाचे. दुसऱ्या बाजूला, २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडी मुलाला बसवून घेते ते त्याचे तिसरे वर्ष पूर्ण झाल्यावर. त्याआधी त्याच्या वाट्याला लसीकरण, वजनाची नोंद आणि घरपोच आहार येतो. सांभाळ येत नाही. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या या अडीच वर्षांत मूल कोठे असावे, याविषयी कायदा आणि योजना दोन्हीही जवळजवळ मौन पाळतात. मूल रांगते, उभे राहते, चालू लागते, बोलू लागते ते नेमके याच काळात. त्याला क्षणभर नजरेआड करता येत नाही, तेही याच काळात.

काम नवे नाही, अंतर नवे आहे

खानदेशाला कष्टकरी आई नवीन नाही. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी अकाली वैधव्य आल्यावर शेत आणि घर सांभाळीत मुले वाढविली आणि त्या कामाच्या लयीतच ओव्या रचल्या. अक्षरओळख नसलेल्या या माउलीची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा सारा महाराष्ट्र थक्क झाला. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला तिचेच नाव आहे. तेव्हा 'पूर्वीच्या बायका घरात असत, आता बाहेर पडल्या, म्हणून मुलांचे हाल झाले' हे म्हणणे निदान खानदेशात तरी टिकणारे नाही. येथील बहुसंख्य स्त्रिया कापूस वेचीत, निंदणी-खुरपणी करीत, मळणी करीतच आया झाल्या.

फरक पडला तो अंतराचा. बांधावरच्या निंबाला किंवा बाभळीला झोळी बांधून बाळ निजवता येत असे. ते रडले की चार तास सोडून उठता येत असे. ती व्यवस्था चांगली होती असे म्हणण्याचे कारण नाही. ऊन, विंचू-काटा आणि आजार यांनी किती बाळे दगावली याची मोजदाद कोणी ठेवली नाही. परंतु आई आणि मूल एका हाकेच्या टप्प्यात होती. कामाची जागा घरापासून वीस-पंचवीस किलोमीटरांवर गेली आणि हाक ऐकू येईनाशी झाली.

जामनेर, पारोळा, साक्री किंवा शिंदखेडा तालुक्यातील एखाद्या जिल्हा परिषद शाळेत शिकविणाऱ्या आणि जळगावात वा धुळ्यात राहणाऱ्या शिक्षिकेचा दिवस पाहावा. खानदेशात या रोजच्या येण्या-जाण्याला 'अप-डाऊन' असे सरळ नावच पडले आहे. पहाटे पाचला उठून पाणी भरणे, दोन डबे, बाळाची पेज किंवा मऊ भात, कपडे, मोठ्या मुलाचे दप्तर. मग बाळाला कोणाच्या तरी हवाली करून एस.टी. गाठणे. एस.टी. चुकली तर काळी-पिवळी. परतताना सहा वाजतात. मार्चनंतर पारा चाळिशीपलीकडे जाऊ लागला की शाळा सकाळच्या होतात. मुलांच्या दृष्टीने ते योग्यच. पण शिक्षिकेला मग पहाटे साडेपाचला घर सोडावे लागते आणि झोपेतले मूल उचलून शेजारी पोहोचवावे लागते. याच दिवसांत घराघरांच्या गच्चीवर बिबडे, कुरडया, शेवया यांची वाळवणे पडतात. नोकरी आहे म्हणून त्यातून सुटका नाही. उलट 'नोकरीवालीला घरचे काही जमत नाही' हे ऐकून घ्यावे लागू नये म्हणून ती रविवारी दुप्पट राबते.

मिनिटांची साक्ष

हे वर्णन भावनेच्या भरात केलेले आहे असे कोणास वाटेल, तर आकडे उपलब्ध आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले, की बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. १५ ते ५९ या वयोगटात घरातील मुले व अन्य माणसे यांची देखभाल करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ४१ टक्के, तर पुरुषांचे २१.४ टक्के होते. २०१९ च्या पाहणीतील घरकामाचे आकडे स्त्रियांसाठी २९९ आणि पुरुषांसाठी ९७ मिनिटे असे होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषांनीही नऊ मिनिटे वाचवून घेतली!

अर्थशास्त्राने या मिनिटांकडे दीर्घकाळ डोळेझाक केली, हे मान्य करावयास हवे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात या विसंगतीवर बोट ठेवले होते: एखाद्या गृहस्थाने पगारी मोलकरणीशी लग्न केले, की राष्ट्रीय उत्पन्न घटते, काम तेच राहते, पगार तेवढा बंद होतो. पुढे १९६५ मध्ये गॅरी बेकर यांनी कुटुंबातील वेळेच्या वाटपाचा सिद्धांत मांडला, आणि अमेरिकेतील स्त्रियांच्या दोनशे वर्षांच्या श्रमाचा मागोवा घेणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गोल्डिन यांच्या संशोधनाचा एक निष्कर्ष आपल्याकडच्या वाचकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. आजच्या प्रगत देशांत स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील मोठी तफावत पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर पडते. शिक्षणात बरोबरीने, किंबहुना पुढे असलेली स्त्री पाळणा हलताच मागे पडू लागते. तेथे ही गत, तर जळगाव-धुळ्याची कथा काय सांगावी?

वहीत नाव नसलेल्या आया

आणि शिक्षिका, बँकेतील कारकून, तलाठी किंवा परिचारिका यांची स्थिती तुलनेने बरीच म्हणावी लागेल. शासकीय सेवेतील स्त्रीला १८० दिवसांची प्रसूती रजा आहे. २०१८ पासून महाराष्ट्र शासनाने संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजाही दिली आहे. केंद्रीय कर्मचारी स्त्रियांना ही रजा ७३० दिवसांची आहे. हिमाचल प्रदेशातील एका शासकीय महाविद्यालयात भूगोल शिकविणाऱ्या प्राध्यापिकेला दुर्धर आजार असलेल्या मुलासाठी ही रजा नाकारण्यात आली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितले, की नोकरीतील स्त्रियांचा सहभाग हा घटनात्मक प्रश्न आहे आणि राज्य हे आदर्श मालक या नात्याने आयांच्या अडचणींकडे पाठ फिरवू शकत नाही.

परंतु त्याच महाविद्यालयाच्या आवारात तासिका तत्त्वावर शिकविणारी तिची बहीण उभी असते. तास घेतला तर पैसे, नाही तर नाही. विनाअनुदानित शाळेतील शिक्षिका, दुकानातील विक्रेती, खासगी दवाखान्यातील मदतनीस यांच्या बाबतीत रजेचा कायदा कागदावर असतो आणि 'उद्यापासून येऊ नका' हे वाक्य ओठांवर. गिरणीत कापसातील काडी-कचरा वेचणाऱ्या, डाळमिलमध्ये निवड करणाऱ्या, दोंडाईच्याच्या मिरची बाजारात देठ खुडणाऱ्या बाईला तर रजा हा शब्दच माहीत नाही. मिरचीच्या ठसक्यात बाळ जवळ ठेवता येत नाही आणि घरी ठेवावे तर घरात कोणी नाही. शिरपूर-साक्रीच्या डोंगरपट्ट्यातील कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत उतरतात तेव्हा बाळे फडावर पाचटाच्या सावलीत वाढतात.

याच साखळीत आणखी एक विचित्र कडी आहे. गावातील सर्वांची मुले सांभाळणारी अंगणवाडी सेविका स्वतः आई असते. तिला पगार नव्हे, 'मानधन' मिळते. तिच्या कामाला काम म्हणावे की सेवा, हा वाद दशकानुदशके चालला. सेविका व मदतनीस यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. संगोपनाला मोल नाही हा समज जेथे शासनाच्याच हिशेबवहीत आहे, तेथे घरच्या माणसांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

आजी, ताई आणि शेजारीण

मग ही अडीच वर्षे आजवर भरून कोण काढते? पहिले उत्तर आजी. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरली जाते: आजीही थकते. पन्नाशी-साठीच्या बाईने रांगत्या मुलामागे दिवसभर धावणे, हे तिच्या गुडघ्यांना विचारून ठरविले जात नाही. गावाकडची आजी स्वतः शेतात राबत असते. ती शहरात येऊन राहिली तर गावचे घर पडते; मूल तिच्याकडे ठेवले तर आईचा जीव पडतो. आजीचे प्रेम अमोल आहे यात शंका नाही. पण अमोल म्हणजे फुकट नव्हे.

दुसरे उत्तर ताई. मजूर कुटुंबात धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी असलेली आठ-दहा वर्षांची मुलगी खेडोपाडी दिसते. पटावर तिचे नाव असते. वर्गात ती नसते. आईच्या मजुरीची किंमत ही मुलगी आपल्या चौथीच्या, पाचवीच्या वर्गाने चुकवीत असते, आणि उद्या तीही तशीच अल्प मजुरीची आई होते. एका पिढीतील पाळणाघराचा अभाव दुसऱ्या पिढीत अशिक्षितपणा होऊन उतरतो.

तिसरे उत्तर शेजारीण, म्हणजे 'सांभाळणाऱ्या मावशी'. शहरातील मध्यमवर्गीय घरांचा सारा भार आज या मावशींवर आहे. त्यांतील अनेकजणी मायाळू आणि दक्ष असतात. पण त्यांना ना प्रशिक्षण, ना ठरलेले वेतन, ना आजारपणात बदली. मावशींना ताप आला की शिक्षिकेची किरकोळ रजा पडते. संपूर्ण जिल्ह्याची शिक्षणव्यवस्था अशा रीतीने कोणाच्या तरी तापावर अवलंबून असते.

पन्नासची अट

कायद्याने पाळणाघराची सोय केलेली नाही असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातच ती होती. प्रथम ५० हून अधिक आणि १९७६ पासून ३० हून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्याला पाळणाघर बंधनकारक झाले. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर ते बंधन आले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा मिळाली. तरतूद उत्तमच. पण खानदेशातील स्त्रिया काम करतात कोठे? दोन-शिक्षकी शाळेत, सात-आठ माणसांच्या बँक शाखेत, आरोग्य उपकेंद्रात, वीस बायकांच्या गिरणीत, दुसऱ्याच्या शेतात. पन्नासची अट या जागांना लागू पडत नाही. शहाणा मालक एकोणपन्नासवर थांबतो. जिल्हा परिषदेकडे हजारो कर्मचारी आहेत खरे. परंतु ते शेकडो गावांत विखुरलेले आहेत.

रोजगार हमीच्या कामांवर यापेक्षा शहाणपणाचा विचार झाला होता. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना घेऊन कामावर येत, हे महाराष्ट्राने पाहिले होते. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात पाच किंवा अधिक लहान मुले कामावर आली, तर त्यांना सांभाळण्यासाठी त्यांतल्याच एका स्त्रीला नेमून तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद होती. तिची अंमलबजावणी किती ठिकाणी झाली हा भाग वेगळा. पण तत्त्व मोलाचे होते. गणती मालकाच्या नोकरांची नव्हे, समोर असलेल्या मुलांची करावयाची.

भार कोणी उचलावा?

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यावयास हवा. 'एवढा खर्च मालकाने सोसावा तर तो बायकांना कामावरच घेणार नाही.' हे भय काल्पनिक नाही. २६ आठवड्यांच्या पगाराचा सगळा बोजा एका लहान संस्थाचालकावर वा दुकानदारावर टाकला, तर मुलाखतीत 'लग्न झाले आहे का?' हा प्रश्न येणारच. यावरचा उपाय रजा कमी करणे हा नव्हे; बोजा वाटून घेणे हा आहे. राज्य कामगार विमा योजनेत ठराविक वेतनमर्यादेपर्यंतच्या स्त्रियांना प्रसूतिलाभ विम्याच्या निधीतून मिळतो, एकट्या मालकाच्या खिशातून नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ च्या आपल्या पहिल्याच अधिवेशनात प्रसूतिलाभाचा ठराव केला, तोही सार्वजनिक निधी किंवा विमा हाच पाया धरून.

आपल्या इतिहासातही याची साक्ष आहे. मुंबई प्रांताने १९२९ साली देशातील पहिला प्रसूतिलाभ कायदा केला. त्याआधी १९२८ मध्ये विधिमंडळात त्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच मुद्दा मांडला होता. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा; मात्र तोपर्यंत मालकानेही आपला वाटा टाळू नये. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या या युक्तिवादात आजही एक शब्द बदलण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप नैतिक स्वरूपाचा असतो. 'मुलाला आईच हवी. मग नोकरी कशाला?' मुलाला आई हवी हे निर्विवाद. पण घरभाडे, दवाखाना, शिकवणी आणि कर्जाचे हप्ते एका पगारात भागत नाहीत, हे हा प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थासही ठाऊक असते. शिवाय मुलाला बापही हवा असतो, याचा उच्चार का होत नाही? स्वीडनने १९७४ मध्येच मातृत्व रजेचे रूपांतर पालकत्व रजेत केले. आज तेथे ४८० दिवसांपैकी ९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव आहेत. आपल्याकडे केंद्रीय कर्मचारी बापाला १५ दिवस मिळतात, आणि तेही बारशाच्या आमंत्रणांत संपतात. मुलाला ताप आला असता शाळेतून निघण्याची परवानगी मागणारा शिक्षक थट्टेचा विषय होतो, तोवर शिक्षिकेची धावपळ थांबणार नाही.

करता येण्याजोगे

यातून मार्ग काढणे अशक्य नाही. सामाजिक सुरक्षा संहितेने अनेक आस्थापनांनी मिळून, किंवा शासन, नगरपालिका अथवा सेवाभावी संस्थेच्या सामायिक पाळणाघराचा उपयोग करून आपली जबाबदारी पार पाडण्यास मोकळीक दिली आहे. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत २००३ पासून महानगरपालिका आहेत. बसस्थानकाजवळ, औद्योगिक वसाहतीत आणि बाजार समितीच्या आवारात सामायिक पाळणाघर उघडावयास त्यांना कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. शाळा, बँका, दवाखाने, गिरण्या यांनी आपापल्या माणसांच्या प्रमाणात वर्गणी भरावी; पन्नासच्या अटीमागे कोणालाच लपता येणार नाही.

खेड्यांसाठी अंगणवाडी हाच आधार आहे. बालवाडी मुलांच्या अंगणात नेण्याचा प्रयोग ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला केला. अंगणवाडी हा शब्दच महाराष्ट्राने देशाला दिला. केंद्राने २०२२ पासून 'पाळणा' योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय केली आहे. तीत एक जादा कार्यकर्ती, पूर्ण दिवसाची वेळ आणि त्या कार्यकर्तीला योग्य वेतन असावयास हवे. आहे त्याच सेविकेच्या डोक्यावर आणखी एक नोंदवही ठेवून हे साधणार नाही. कर्नाटकाने ग्रामपंचायत पातळीवर पाळणाघरे सुरू केली, तामिळनाडूने २०२२ पासून प्राथमिक शाळेत सकाळची न्याहारी देऊन पहाटेच्या चुलीपुढचा आईचा भार हलका केला. ही राज्ये महाराष्ट्राहून श्रीमंत आहेत असे नाही.

बदल्यांच्या धोरणात तीन वर्षांखालील मुलाच्या आईला घराजवळची शाळा मिळणे, सकाळच्या शाळेच्या वेळांशी एस.टी.च्या फेऱ्या जुळणे, बालसंगोपन रजेचा अर्ज हे उपकार मागणे न ठरणे, या गोष्टींना तर तिजोरीतून जवळजवळ काहीच लागत नाही. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे भाडे झाले, ते स्वागतार्हच आहे. परंतु अर्ध्या भाड्याने आई कामाच्या गावी लवकर पोहोचत नाही, आणि मूल सुरक्षित आहे या विश्वासाने तर मुळीच पोहोचत नाही.

रस्ता, पूल, धरण यांना आपण सार्वजनिक बांधकाम म्हणतो, कारण त्यांच्यावाचून व्यवहार चालत नाही. पाळणाघराकडे मात्र बायकांची खासगी अडचण म्हणून पाहिले जाते. तापीवर पूल नसता तर प्रत्येकाने आपापली होडी आणावी असे कोणी म्हटले नसते. अडीच वर्षांच्या या पात्रावर प्रत्येक आई आज आपापली होडी वल्हवीत आहे. कोणाची आजीची, कोणाची शेजारणीची, कोणाची आठ वर्षांच्या लेकीची. पूल बांधण्याचा खर्च मोठा आहे, हे खरे. पण होड्यांचा खर्चही काही कमी नाही. तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच.